ड्युटी सांभाळून जर्मन बी-२ : कळव्यातल्या एका परिचारिकेचं प्रकरण

ज्या परिचारिकेचं हे प्रकरण आहे, तिच्या परवानगीने ते मांडते आहे. तिचं नाव आणि रुग्णालयाचे तपशील बदलले आहेत. अभ्यासाचा क्रम, अडलेल्या जागा आणि परीक्षेतले टप्पे मात्र घडले तसेच ठेवले आहेत. इथे तिला मीनल म्हणू. मी ठाण्यात जर्मन शिकवते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत नर्सिंगमधल्या मुली बऱ्याच असतात. मेहनत भरपूर, प्रमाणपत्रंही हातात, पण तोंड उघडायची वेळ आली की वाक्य निघत नाही, ही तक्रार त्यांच्यातल्या जवळजवळ प्रत्येकीची असते. मीनलच्या बाबतीत आम्ही ती मुळापर्यंत तपासू शकलो, म्हणून हे सविस्तर.

पार्श्वभूमी

मीनल तिशीच्या आतली. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली, नवी मुंबईतल्या एका खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत स्टाफ नर्स. राहायला कळव्याला. दोन खोल्यांत नवरा, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. ड्युटी फिरती: मॉर्निंग, इव्हिनिंग, मग नाइट. कळव्याहून ठाणे, तिथे गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, रबाळे, घणसोली करत नेरूळ. मॉर्निंग असली की पहाटे पाचला उठणं आलंच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला आणि नर्सेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जर्मनीचा विषय रोजचा झाला. मीनलने त्याआधीच एका क्लासला नाव घातलं होतं. परिचारिका म्हणून जर्मनीत पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-२ पातळीची भाषा लागते. काही जणी बी-१ वर जातात, मदतनीस म्हणून काम करता करता तिथे बी-२ पूर्ण करतात. मीनलचा विचार पक्का होता: मुलाला इथे ठेवून जायचं, तर तिथे गेल्यावर भाषेत अडकून वर्ष वाया जाता कामा नये. बी-२ इथूनच करून निघायचं.

पातळ्यांची ही चौकट, म्हणजे ए-१ (अगदी सुरुवात) ते सी-२ (सगळ्यांत वरची), युरोप परिषदेने (काउन्सिल ऑफ युरोप) २००१ साली प्रसिद्ध केली. गोएथे-इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं काळा घोड्याचं मॅक्स म्युल्लर भवन, बी-१ साठी साधारण ३५० ते ६५० आणि बी-२ साठी ६०० ते ८०० तासिका लागतील असं धरतं. तासिका ४५ मिनिटांची, आणि आकडे शून्यापासून मोजलेले. घरचा अभ्यास यात नाही. क्लासच्या जाहिरातीतल्या ‘सहा महिन्यांत बी-२’ शेजारी हे आकडे ठेवून पाहावेत. फिरत्या ड्युटीवर असलेल्या आईने तर नक्कीच.

बी-१ च्या परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग. प्रत्येक भाग १०० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला ६० लागतात. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. पहिल्या प्रयत्नात मीनल वाचनात चांगल्या गुणांनी आणि लेखनात जेमतेम पास झाली. श्रवण आणि संभाषण राहिलं. त्या निकालानंतर ती माझ्याकडे आली. आल्या आल्या म्हणाली, “मॅडम, मला भाषा जमतच नाही. माझं वय गेलं बहुतेक.”

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या दोन भेटींत मी तिला काही शिकवलं नाही, फक्त तपासलं. तिच्याकडे जाडजूड वह्या होत्या. प्रत्येक पानावर दोन रकाने, डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ. रात्री झोपण्याआधी ती पानं वाचायची. मोबाइलवरच्या ॲपचा रोजचा धडाही कधी चुकवलेला नव्हता. मी जर्मन रकाना उघडा ठेवून अर्थ विचारले, ती धडाधड सांगत गेली. मग तो रकाना झाकला आणि अर्थावरून शब्द विचारले. तिनातला एखादाच आला, आणि त्याच्यासोबतचं लिंग तर क्वचितच.

तिचा सगळा अभ्यास ओळखण्याचा होता, आठवण्याचा नव्हता. वाचनाच्या परीक्षेत शब्द समोर छापलेला असतो, तिथे ओळख पुरते. संभाषणात समोर कोरी जागा असते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे फार स्पष्ट दाखवलं. विद्यार्थ्यांना उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. त्या पहिल्या पाच मिनिटांतच फसगत होते. पान वाचून मिटलं की सगळं आलं असं वाटतं, त्यामुळे मेहनती माणूस त्याच पद्धतीने आणखी मेहनत करत राहतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली आणि ती आपल्या मराठी मुलांमुलींच्या बाबतीत वारंवार दिसते. मीनल दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. पण नर्सिंग इंग्रजीतून झालं, क्लासचं पुस्तक इंग्रजीतून समजावलं गेलं, वह्याही इंग्रजीत. जर्मन वाक्य करताना ती आधी मनात इंग्रजी वाक्य करायची आणि तिचं इंग्रजीही काही सहज धावणारं नव्हतं. म्हणजे दोन परक्या भाषा एकदम पेलायच्या.

मी तिला आयसीयूच्या हॅण्डओव्हरसारखा, म्हणजे ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती सोपवतात तसा, एक छोटा मजकूर जर्मनमध्ये वाचून दाखवला: चार नंबरचा बेड, बाई, वय ५४, सकाळपासून मळमळ. तिने वय ४५ लिहिलं. जर्मनमध्ये ५४ म्हणताना आधी चार येतात, मग पन्नास: फिअर-उन्ट-फ्युन्फ्झिश. इंग्रजीच्या ‘फिफ्टी-फोर’च्या सवयीने ऐकणारा माणूस इथे हमखास गोंधळतो. मी विचारलं, “चोपन्नमध्ये आधी काय ऐकू येतं?” ती थांबली, आणि हसली. चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न यांत एकक आधी आणि दशक नंतर. एकवीसपासून ही रचना आपल्या कानात बसलेली आहे. ४९ ला आपण एकोणपन्नास म्हणतो, तशा नऊने संपणाऱ्या बहुतेक संख्या तेवढा अपवाद. रुग्णाचं वय, रक्तदाब, औषधाची मात्रा सगळं आकड्यांत असतं, आणि नर्सने ५४ चे ४५ ऐकणं ही फक्त गुण जाण्याची गोष्ट नाही.

मळमळीचंही तसंच. ‘मला मळमळतंय’ याला तिने लिहिलं ‘इश बिन श्लेश्ट’, कारण मनात ‘आय ॲम’ होतं. त्याचा अर्थ होतो, मी वाईट आहे. जर्मन माणूस म्हणतो ‘मिअर इस्ट श्लेश्ट’, आणि ‘मिअर’ म्हणजे ‘मला’. मला थंडी वाजते: मिअर इस्ट काल्ट. मला बरं वाटत नाही: मिअर गेट एस निश्ट गुट. मला चक्कर येते: मिअर इस्ट श्विंडेलिश. आजाऱ्याने सांगायच्या इतक्या गोष्टी मराठीत ‘मला’ने सुरू होतात आणि जर्मनमध्ये ‘मिअर’ने. हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

तिसरी अडचण वेळेची. शनिवार-रविवारचा क्लास, महिन्यातल्या निम्म्या वेळा ड्युटीत बुडणारा. बुडालेला तास रेकॉर्डिंगवरून भरून काढायचा, तोही नाइटनंतर, डोळे मिटत असताना. आणि चौथी साधी, पण तितकीच खरी: घरात मोठ्याने बोलायला जागा नव्हती. नवरा दमून आलेला, मूल झोपलेलं. जर्मन कायम मनातल्या मनात.

समोरचे पर्याय

पर्याय चार होते आणि चारही आम्ही कागदावर मांडले. तिचा नवरा त्या दिवशी मुद्दाम सोबत आला होता.

पहिला, नोकरी सोडून चार-पाच महिने पूर्ण वेळ सघन वर्ग. भाषेच्या दृष्टीने हा सगळ्यांत वेगवान. पण घराचा हप्ता दोघांच्या पगारावर चाललेला, आणि परिचारिकेच्या अनुभवात मोठा खंड पडला तर पुढे अर्जात त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं.

दुसरा, एका एजंटचं पॅकेज. भाषा, कागदपत्रं, नोकरी सगळं एकत्र. करारात मधेच सोडल्यास मोठी रक्कम परत करायची अट होती. यावर माझं मत ठाम आहे. जर्मनीत परदेशी परिचारिकांच्या न्याय्य भरतीसाठी सरकारी गुणवत्ता-चिन्ह आहे आणि त्याचं मूळ तत्त्वच असं की भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्याने करायचा, उमेदवाराने नाही. मग आपल्याकडच्या मुलीने लाखाच्या करारावर सही का करायची? मी ते तिच्या नवऱ्याला शांतपणे, पण स्पष्ट सांगितलं.

तिसरा, क्लासची बी-१ ची बॅच पुन्हा करणं. खर्च कमी, ओळखीचं वातावरण. पण त्याच पुस्तकातून त्याच पद्धतीने पुन्हा गेलं तर वाचन आणखी सुधारेल, राहिलेले दोन भाग तिथेच राहतील.

चौथा, नोकरी चालू ठेवून अभ्यासाची घडीच बदलणं: ड्युटीप्रमाणे वेळ आणि कमी असलेल्या कौशल्यांवर जोर. यात वेळ जास्त जाणार हे उघड होतं. मीनलने हा निवडला. नवरा म्हणाला, “वर्ष लागलं तरी चालेल, पण घर हललं नाही पाहिजे.” त्या एका वाक्याने पुढचं बरंच सोपं झालं, कारण घाई करणारं घरात कुणी उरलं नाही.

पहिला कठीण निर्णय: मागे जाणं

तिच्या हातात ए-२ चं प्रमाणपत्र होतं, तरी मी ए-२ च्या वाक्यरचनांपासून सुरू करू या म्हटलं. हे तिला फार लागलं. बरोबरच्या मैत्रिणी बी-२ च्या बॅचमध्ये गेल्या होत्या. स्टेशनवर भेटल्या की विचारायच्या, “तू अजून बी-१ लाच?”

मागे जाण्याचं कारण असं. वाचून समजण्यात ती बी-१ ला होती, बोलण्यात ए-१ च्या काठावर. स्वतःच्या तोंडून ज्या रचना निघत नाहीत त्यांच्यावर नव्या रचना चढवल्या तर फक्त ओळखीचा साठा वाढतो. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली कॅनडातल्या मुलांबद्दल हेच नोंदवलं होतं. फ्रेंच माध्यमात वर्षानुवर्षं शिकलेल्या मुलांना फ्रेंच उत्तम समजायचं, पण त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहायच्या, कारण नेमकं बोलायची वेळ त्यांच्यावर पुरेशी आलीच नव्हती. भरपूर ऐका, आपोआप बोलाल, हा सल्ला मी म्हणूनच अर्धवट मानते.

दोन महिने आम्ही ए-२ वर राहिलो. नवा शब्द जवळजवळ नाही, फक्त ओळखीचे शब्द तोंडून काढणं.

अभ्यास कसा बदलला

वह्या बंद झाल्या. त्यांच्या जागी एक चपलांचा खोका आणि कार्डं आली. झेबास्टियान लाइटनर या पत्रकाराने १९७२ साली मांडलेली ही पद्धत: खोक्यात पाच कप्पे, बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पुन्हा पहिल्यात, पुढचे कप्पे जास्त दिवसांच्या अंतराने उघडायचे. मोबाइलवरही हे करता येतं. मीनलने कागद निवडला, कारण मोबाइल हातात आला की व्हॉट्सॲप उघडतं हे तिला माहीत होतं. ट्रेनसाठी दहा-पंधरा कार्डं रबर लावून पर्समध्ये.

कार्डावर काय लिहायचं, हा खरा बदल होता. समोर मराठी वाक्य, मागे जर्मन वाक्य. सुटा शब्द कधीच नाही. ‘मी पट्टी बदलते’: इश वेक्स्लं देन फेअरबांट. यात लिंगही येतं आणि विभक्तीही, कारण पट्टी म्हणजे ‘देअर फेअरबांट’ (‘देअर’ हा पुल्लिंगी नामाआधी येणारा छोटा शब्द), आणि इथे ‘देअर’चा ‘देन’ झालेला कानावर पडतो. जर्मनच्या तीन लिंगांना इंग्रजी बोलणारा घाबरतो. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. कोणत्या नामाला कोणतं लिंग ते मात्र पाठच करावं लागतं, तिथे मराठी मदतीला येत नाही: सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे. पण विशेषण, सर्वनाम, सगळं लिंगाप्रमाणे बदलणार ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सामान्यरूपाचंही तसंच. मुलगा, पण मुलाला. आपल्याकडे नाम वाकतं, जर्मनमध्ये बहुतेक वेळा त्याच्या आधीचा छोटा शब्द वाकतो.

‘कारण’ने जोडलेल्या वाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीतून शिकताना हा नियम पाठ करावा लागतो. ‘मी गोळी घेत नाही, कारण मला मळमळतं’ या वाक्याचा दुसरा भाग मराठी क्रमानेच जर्मनमध्ये ठेवला तरी बरोबर येतो: वाइल मिअर श्लेश्ट इस्ट. हे कळल्यावर मीनल अशा वाक्यांत फारशी अडखळली नाही. मुख्य वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी येतं आणि तिथे मराठी सवय आड येते, म्हणून त्याची कार्डं जास्त केली. मराठी कुठे साथ देते आणि कुठे पाय ओढते याचा हिशेब शिक्षकाने ठेवला पाहिजे. पुस्तक तो ठेवत नाही, ते कुणा एका भाषेच्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेलं नसतं.

वेळ ड्युटीप्रमाणे वाटली. मॉर्निंगला जाताना ट्रेनमध्ये कार्डं, येताना ऐकणं. इव्हिनिंगला मूल बालवाडीत गेल्यावर सकाळचा तास, सगळ्यांत ताजा, म्हणून नवा भाग आणि लेखन त्यातच. नाइटच्या आठवड्यात नवं काही नाही, फक्त आलेली कार्डं, तीही झोप झाल्यावर. यावर तिने सुरुवातीला वाद घातला. नाइटला वॉर्ड शांत असला तर दोन तास मिळतात, ते का घालवायचे? एक आठवडा तिच्या मनासारखं करून पाहिलं. त्या रात्री केलेली कार्डं पुढच्या आठवड्यात जवळजवळ सगळी पहिल्या कप्प्यात परत आली. मग तिनेच ठरवलं की नाइटला झोप आधी.

ऐकण्यासाठी आम्ही खूप ऐकायचं टाळलं. डॉइच वेलं या जर्मन प्रसारण संस्थेच्या संथ गतीतल्या बातम्या मिळतात, मजकुरासकट. त्यातलं फक्त एक मिनिट घ्यायचं. ऐकून जसं येईल तसं लिहायचं, मग मजकुराशी ताडायचं, चुकलेल्या जागी कान का फसला ते शोधायचं, आणि शेवटी आवाजाबरोबर मोठ्याने वाचायचं. एका मिनिटाला अर्धा तास लागायचा. कंटाळवाणं काम आहे, पण तिचं श्रवण सुधारलं ते यामुळेच असं मला ठामपणे वाटतं. बी-१ च्या श्रवणात चारपैकी दोन भाग एकदाच ऐकवतात. तिथे कान थबकला की पुढचं वाक्यही जातं.

बोलण्याचा प्रश्न घरातच सुटला, तोही अनपेक्षितपणे. एका रविवारी सासूबाई म्हणाल्या, “अगं, मला काही कळत नाही, पण मी पेशंट होते की!” तेव्हापासून जेवणं झाल्यावर सासूबाई मराठीत तक्रारी सांगायच्या. गुडघा दुखतो, रात्री झोप नाही, गोळी घेतली की पोटात जळजळ होते. मीनल त्या जर्मनमध्ये डॉक्टरांना कळवल्यासारखं सांगायची आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायची. “आई, जरा हळू सांगा,” असं ती म्हणाली की सासूबाई उत्तर द्यायच्या, “पेशंट काय हळू सांगणारेत का?” त्या बाईंचा या यशात मोठा वाटा आहे. मोठ्याने बोलण्याचा संकोच गेला, आणि सगळी तयारी आयत्या वेळच्या वाक्यांची झाली. रेकॉर्डिंग मी ऐकायचे आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवायचे. सगळ्या चुका एकदम दाखवल्या की माणूस पुन्हा गप्प होतो.

ओघ यावा म्हणून चार-तीन-दोनची रीत वापरली. एकच विषय आधी चार मिनिटांत, मग तोच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत सांगायचा. विषय तोच असल्याने शब्द शोधण्यात वेळ जात नाही, आणि वेळ कमी झाल्याने अडखळणं गळत जातं. यासाठी ऐरोलीची एक नर्स तिला जोडीदार मिळाली. दोघी आठवड्यातून दोनदा फोनवर बोलायच्या. बी-१ चं संभाषण दोन परीक्षार्थींच्या जोडीनेच होतं, त्यामुळे समोरच्याचं ऐकून त्यावर बोलायची सवयही लागली.

दुसरा कठीण निर्णय: परीक्षेची तारीख

चार महिन्यांनी ती सराव-परीक्षेत श्रवणाच्या ६० गुणांच्या आसपास आली. कधी थोडी वर, कधी खाली. जवळची तारीख उपलब्ध होती आणि मैत्रिणी म्हणत होत्या, देऊन टाक. आम्ही थांबलो. परीक्षेच्या दिवशी ताण असतो, सभागृह नवं असतं, म्हणून घरच्या सरावात सलग तीन वेळा ७० च्या वर आल्याशिवाय अर्ज करायचा नाही असं ठरलं. शुल्क थोडंथोडकं नसतं, आणि दुसऱ्यांदा राहिलं असतं तर ‘मला जमतच नाही’ हे तिच्या मनात कायमचं बसलं असतं. आणखी सहा-सात आठवडे गेले. उशीर झाला, पण मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

निष्पत्ती

बी-१ चे राहिलेले दोन्ही भाग त्या प्रयत्नात सुटले. संभाषणात श्रवणापेक्षा जास्त गुण आले. जिथे ती गप्प बसली होती, तोच तिचा सगळ्यांत भक्कम भाग झाला.

बी-२ ला साधारण दहा महिने लागले. पहिल्या प्रयत्नात वाचन, श्रवण, संभाषण मिळालं आणि लेखन थोडक्यात राहिलं. याचं कारण आमच्या योजनेतच होतं. आमचे सगळे विषय वॉर्डातले. बी-२ च्या लेखनात पहिला प्रश्न किमान १५० शब्दांत मत मांडण्याचा असतो, आणि तो प्लास्टिकच्या वेष्टनावर किंवा घरून काम करण्यावरही येऊ शकतो. रक्तदाब आणि जखमांबद्दल ती सफाईने लिहायची. ‘एका बाजूने, दुसऱ्या बाजूने, तरीही’ अशी मताची बांधणी जर्मनमध्ये तिने पुरेशी केलेलीच नव्हती. नंतरचे दोन महिने ती बातमीतला एक विषय घेऊन आधी मराठीत पाच ओळींत स्वतःचं मत लिहायची, मग ते जर्मनमध्ये मांडायची. हे मुद्दाम केलं, कारण अडचण बऱ्याचदा जर्मनची नसून मत नसण्याची असते. लेखन दुसऱ्या प्रयत्नात सुटलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, वॉर्डाची भाषा आणि सर्वसाधारण विषय यांचं प्रमाण. कामाच्या भाषेने उत्साह दिला, पहिल्या सहा महिन्यांत तीच हवी होती. बी-२ सुरू झाल्यावर मात्र आठवड्यातले दोन दिवस बाहेरच्या विषयांना दिले असते तर लेखनाचा दुसरा अर्ज बहुधा लागला नसता. परिचारिकांसाठी टेल्क या संस्थेची बी-१ ते बी-२ पातळीची वेगळी परीक्षाही आहे आणि तिच्यात विषय रुग्णसेवेचेच असतात. तो मार्ग आम्ही पाहिला होता. तो घ्यायचा की नाही हे मान्यता देणारं तिथलं कार्यालय आणि नोकरी देणारं रुग्णालय कोणतं प्रमाणपत्र मागतं यावर ठरतं, म्हणून अभ्यास सुरू करण्याआधीच ही चौकशी लेखी करून घ्यावी. मीनलकडे गोएथेचं मागितलं गेलं, म्हणून तिने ते केलं.

दुसरी, बोलणं ए-१ च्या पहिल्या आठवड्यापासून हवं होतं. सासूबाईंचा खेळ ‘नाव काय, वय किती, कुठे दुखतं’ एवढ्यावरही चालला असता. वीस वाक्यं येणाऱ्या मुलीने ती वीस वाक्यं रोज बोलावीत, याला कोणत्याही पातळीचं प्रमाणपत्र लागत नाही.

तिसरी, घरातल्या कामाची वाटणी उशिरा झाली. इव्हिनिंगच्या आठवड्यातला सकाळचा तास सुरुवातीला अनेकदा डब्यात आणि धुण्यात जायचा. नवऱ्याने मुलाला बालवाडीत सोडायचं काम घेतलं तेव्हा तो तास खरा मिळाला. हे बोलणं पहिल्याच महिन्यात व्हायला हवं होतं. भाषा शिकणाऱ्या बाईचं वेळापत्रक तिच्या एकटीचं नसतं, आणि योजना आखताना घरातली माणसं समोर बसलेली असली तर बरंच काही तिथल्या तिथे सुटतं.

चौथी गोष्ट ॲपची. मी ते बंद करायला लावलं नाही, पण त्याचा वेळ अभ्यासात धरायचा नाही असं ठरवलं. खंड न पडल्याचा आकडा वाढताना पाहून तिला अभ्यास झाल्याचं समाधान मिळायचं आणि मग बोलण्याचा सराव राहून जायचा. हे ठरवल्यावर ॲप आपोआप मागे पडलं.

सध्या कुठे आहे

मीनलची कागदपत्रं मान्यतेसाठी गेली आणि तिथल्या कार्यालयाकडून तिच्या शिक्षणात कोणत्या गोष्टी कमी आहेत याचं पत्र आलं आहे. पुढे दोन वाटा असतात: रुग्णालयात काम करत पूरक प्रशिक्षण घेणं, किंवा ज्ञानाची एकच परीक्षा देणं. ती प्रशिक्षणाकडे झुकते आहे. परीक्षा लवकर संपते, पण प्रशिक्षणात रोज सहकाऱ्यांबरोबर बोलावं लागतं, आणि पहिल्या वर्षात तिला तेच हवं आहे.

भाषेचं काम संपलेलं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या वयस्कर रुग्णांच्या तोंडी श्वेबिश किंवा आलेमानिश बोली असते, आणि संथ बातम्यांतल्या स्वच्छ जर्मनची सवय झालेल्या कानाला ती सुरुवातीला परकीच वाटते. म्हणून आता एका मिनिटाचा तोच सराव तिने एसव्हेआर या तिथल्या प्रादेशिक प्रसारण संस्थेच्या रेडिओवरच्या मुलाखतींवर सुरू केला आहे. त्यात मजकूर छापलेला मिळत नाही. तिला जे ऐकू येतं ते ती लिहून पाठवते, मी ऐकून दुरुस्त करते, आणि काही शब्दांवर आम्ही दोघी अजून अडतो.